घनमीटर, लिटर आणि दलघफू : पाण्याचे आकडे एकमेकांत कसे बदलायचे

पावसाळ्यात नाशिकच्या पेपरात रोज एक चौकट येते. गंगापूर धरणात इतके दशलक्ष घनफूट (दलघफू), दारणात इतके, होळकर पुलाखालून इतके क्युसेक. त्याच दिवशी छत्रपती संभाजीनगरचा पेपर उघडला तर जायकवाडीचा साठा दशलक्ष घनमीटरमध्ये दिलेला असतो. महापालिकेचा पाणीपुरवठा दशलक्ष लिटरमध्ये मोजतात, घरचं मीटर घनमीटर दाखवतं, टँकरवाला लिटरमध्ये बोलतो आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत औषधाचा हिशेब मिलिलिटरमध्ये चालतो. पाणी एकाच गोदावरीचं, पण आकडे शेजारी ठेवले तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वाटतच नाही. पाण्यावरून आपल्याकडे इतकं भांडण होतं, इतकी आंदोलनं होतात, की हे आकडे प्रत्येकाला स्वतः पडताळून पाहता आलेच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. त्याला मोठं गणित लागत नाही. घनफळाची एककं नेमकी कुठे अडकवतात तेवढं समजलं की पुरतं.

दहाच्या जागी हजार

एका मीटरमध्ये १० डेसिमीटर. मग एका घनमीटरमध्ये घन डेसिमीटर किती? वर्गात विचारलं की निम्मी मुलं १० म्हणतात, काही जण १०० म्हणतात. उत्तर १,००० आहे आणि ते पाठ करण्यापेक्षा डोळ्यांसमोर उभं केलेलं बरं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी टाकी घ्या. तिच्या तळावर १० सेंटिमीटर बाजूचे ठोकळे मांडायला लागा. एका ओळीत १० बसतील. अशा १० ओळींनी तळ भरेल, म्हणजे एक थर १०० ठोकळ्यांचा. असे १० थर रचले की टाकी काठोकाठ भरली. एकूण ठोकळे १,०००.

लांबी एकाच दिशेने मोजायची असते म्हणून तिथे १०, क्षेत्रफळाला दोन दिशा म्हणून १० × १० = १००, घनफळाला तीन दिशा म्हणून १० × १० × १० = १,०००. बहुतेक चुका इथेच होतात. सेंटिमीटरचे मीटर करताना १०० ने भागायची सवय हाताला इतकी लागलेली असते की घन सेंटिमीटरचे घनमीटर करतानाही आपण १०० नेच भागतो. खरं तर भागायचं असतं १०० × १०० × १०० ने, म्हणजे १० लाखांनी.

आता वरच्या टाकीतला एकच ठोकळा बाहेर काढा. १० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. त्यात मावतं ते घनफळ म्हणजे एक घन डेसिमीटर, आणि त्यालाच आपण एक लिटर म्हणतो. मुलांकडून मी हा ठोकळा जाड पुठ्ठ्याचा करून घेतो. आतून मोजून १० सेंटिमीटर, सांध्यांना चिकटपट्टी, आत प्लास्टिकची पिशवी. मग अर्ध्या लिटरच्या दुधाच्या दोन पिशव्या त्यात ओततो. दूध काठाच्या किंचित खाली राहतं, कारण भाराने पुठ्ठ्याच्या बाजू फुगतात. बाजूंना पट्ट्या धरून सरळ केल्या की दूध वर चढतं आणि काठाला टेकतं. हे एकदा पाहिलेला मुलगा किंवा मुलगी लिटर आणि सेंटिमीटर यांचं नातं पुन्हा विचारत नाही.

दोन रांगा आणि त्यांच्यातले तीन सांधे

घनफळाची दशमान एककं दोन रांगांमध्ये मांडता येतात. पहिली रांग घन एककांची : घन मिलिमीटर, घन सेंटिमीटर, घन डेसिमीटर, घनमीटर. इथे प्रत्येक पायरी १,००० ची. दुसरी रांग लिटरची : मिलिलिटर, सेंटिलिटर, डेसिलिटर, लिटर, डेकालिटर, हेक्टोलिटर, किलोलिटर. इथे प्रत्येक पायरी १० ची, कारण ‘मिली’, ‘सेंटी’, ‘किलो’ ही उपपदं थेट लिटरलाच लागली आहेत, घन करायचं काही उरलेलं नाही. म्हणून १ लिटर = १० डेसिलिटर = १०० सेंटिलिटर = १,००० मिलिलिटर.

या दोन रांगा तीन ठिकाणी एकमेकींना भेटतात :

१ घन सेंटिमीटर = १ मिलिलिटर
१ घन डेसिमीटर = १ लिटर
१ घनमीटर = १ किलोलिटर = १,००० लिटर

या तीन ओळी पक्क्या असल्या की बाकीचं कुठलंही रूपांतर तिथून काढता येतं. २.५ घनमीटर म्हणजे २,५०० लिटर. ४५,००० घन सेंटिमीटर म्हणजे तेवढेच मिलिलिटर, म्हणजे ४५ लिटर, म्हणजे ०.०४५ घनमीटर. एकदम उडी मारण्यापेक्षा आधी लिटरवर यायचं आणि मग पुढे जायचं, हा माझ्या मते सगळ्यात सुरक्षित रस्ता. शेवटी एक तपासणी जरूर करावी : एकक लहान झालं असेल तर आकडा मोठा व्हायलाच हवा. घनमीटरवरून लिटरवर आलात आणि आकडा कमी झाला, तर गुणायच्या ठिकाणी भागलं गेलंय.

या रांगेतला डेकालिटर शाळेच्या पुस्तकाबाहेर क्वचितच दिसतो. डेसिलिटर मात्र रक्ताच्या रिपोर्टवर भेटतो. साखर १०० असं आपण म्हणतो तेव्हा ती १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम. हेक्टोलिटर आपल्याकडे ऐकू येतो तो वाइनमुळे. जगभरात वाइनचा हिशेब याच एककात होतो. १ हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या १३३ बाटल्या भरून थोडी उरते. लाकडाच्या २२५ लिटरच्या पिंपातून बरोबर ३०० बाटल्या निघतात.

आणि सीसी? तो घन सेंटिमीटरच. इंजेक्शन ‘दोन सीसी’ म्हणजे दोन मिलिलिटर. १५० सीसीची मोटारसायकल म्हणजे तिच्या इंजिनात दट्ट्या खालून वर जाताना १५० घन सेंटिमीटर जागा व्यापतो. मोटारीचं इंजिन १.५ लिटरचं असतं म्हणतात ते हेच, १,५०० सीसी.

लिटर आणि किलो

‘एक लिटर म्हणजे एक किलो’ हे वाक्य आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ते फक्त पाण्यापुरतं खरं आहे हे विसरायला होतं. त्यामागे इतिहास आहे. फ्रान्समध्ये १७९५ साली दशमान पद्धती आली तेव्हा लिटर म्हणजे एक घन डेसिमीटर असंच ठरलं होतं. १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने व्याख्या बदलली : पाणी सर्वांत दाट असतं त्या तापमानाला एक किलो पाणी जेवढी जागा व्यापेल तेवढा लिटर. पण नीट मोजल्यावर हा लिटर घन डेसिमीटरपेक्षा अगदी किंचित मोठा भरला, सुमारे २८ घन मिलिमीटरने. बाजारात हा फरक कुणाला कळणारही नाही, प्रयोगशाळेत मात्र तो अडायला लागला. १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द झाली आणि लिटर पुन्हा नेमका घन डेसिमीटर झाला. आज लिटरचा किलोशी व्याख्येने काहीही संबंध नाही. पाण्याच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ सारखे येतात, इतकंच.

गोडेतेलाची एक लिटरची पिशवी उलटून पाहा. लिटरच्या शेजारीच ९१० ग्रॅमच्या आसपास वजन छापलेलं असतं. दूध पाण्यापेक्षा जरा जड, लिटरला साधारण १,०३० ग्रॅम. म्हणून तेल किलोने घेतलं की लिटरने, हे भाव विचारतानाच स्पष्ट करून घ्यावं. धान्याच्या बाबतीत तर आपल्या आजी-आजोबांची सगळी मापं घनफळाचीच होती. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी ती दुपटीने चढत जायची. एक पायली बाजरी आणि एक पायली तांदूळ यांचं वजन सारखं नसायचं, आणि शेरही गावोगाव वेगळा भरायचा. १९५६ चा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान मापं आली आणि तेव्हापासून धान्य वजनावर गेलं.

औषधात हाच गोंधळ जीवावर बेतू शकतो. मिलिलिटर हे घनफळ, मिलिग्रॅम हे वजन. लहान मुलाच्या तापाच्या एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असतं, तर त्याच औषधाच्या दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. ‘एक चमचा’ एवढंच लक्षात ठेवून बाटली बदलली की मात्रा दुप्पट झाली. इन्सुलिनचंही तसंच : ४० युनिटच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, १०० युनिटच्या बाटलीत १००. बाटली एका प्रकारची आणि सिरिंज दुसऱ्या प्रकारची झाली तर मात्रा अडीच पटीने चुकते. घरातला चमचा मापाचा नसतो. बाटलीसोबत आलेलं झाकण किंवा सिरिंजच वापरावी, आणि शंका आली तर डॉक्टरांना विचारावं.

मीटरचा लाल काटा

पाण्याचं मीटर बहुतेक घरांत जमिनीलगतच्या लोखंडी पेटीत असतं आणि बिल आलं की मगच त्याची आठवण होते. झाकण उघडून काच पुसली की काळे आकडे दिसतात. ते पूर्ण घनमीटर, म्हणजे हजार-हजार लिटर. महिन्यापूर्वी ०४१२ होतं आणि आज ०४३० आहे, तर १८ घनमीटर वापर झाला, म्हणजे १८,००० लिटर. घरात चार माणसं असतील तर दिवसाला माणशी १५० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना देशात माणशी १३५ लिटर धरतात, तेव्हा हा वापर थोडा जास्तच झाला.

काळ्या आकड्यांच्या खाली छोट्या तबकड्या आणि लाल काटे असतात. त्यांच्या शेजारी ×०.१, ×०.०१, ×०.००१, ×०.०००१ असं लिहिलेलं असतं. घाबरण्यासारखं काही नाही. ०.१ घनमीटर म्हणजे १०० लिटर, ०.०१ म्हणजे १० लिटर, ०.००१ म्हणजे एक लिटर आणि ०.०००१ म्हणजे १०० मिलिलिटर. म्हणजे सगळ्यात बारीक काट्याची एक पूर्ण फेरी एक लिटरची. घरातले सगळे नळ बंद करा आणि हा काटा बघत राहा. तो हलतोय का? पाच मिनिटांत एक फेरी झाली तर कुठेतरी पाच मिनिटांना एक लिटर पाणी झिरपतंय. तासाला १२ लिटर, दिवसाला २८८, महिन्याला साडेआठ घनमीटरच्या वर. गळका फ्लश हे काम कुणाच्या नजरेला न पडता करत राहतो.

बागेत आणि शेततळ्यावर

फवारणीच्या औषधाच्या लेबलवर ‘लिटरला अर्धा मिली’ लिहिलेलं असतं आणि ब्लोअरची टाकी असते ६०० लिटरची. ०.५ × ६०० = ३०० मिलिलिटर. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. टक्के आले की लोक अडतात. एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. २०० लिटरच्या ड्रमला दोन-दोन किलो. जीएचं, म्हणजे द्राक्षाला देतात त्या जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाचं प्रमाण पीपीएममध्ये (दशलक्षात किती भाग) सांगतात, आणि पाण्यात १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. १० पीपीएमचं द्रावण २०० लिटर करायचं तर २,००० मिलिग्रॅम, म्हणजे फक्त दोन ग्रॅम शुद्ध जीए लागेल. इथे एका शून्याची चूक झाली तर घडच्या घड हातचे जातात.

दिंडोरीकडे माझा मावसभाऊ शेततळं करत होता, तेव्हाचं बोलणं मला आठवतं.

“दादा, ठेकेदार म्हणतो सत्तावीस लाख लिटरचं तळं होईल.”

“माप काय धरलंय?”

“वर तीस बाय तीस मीटर, खोली तीन.”

“अरे, पण बाजू उभ्या आहेत की उताराच्या?”

“उताराच्याच. एकास एक.”

३० × ३० × ३ = २,७०० घनमीटर, म्हणजे २७ लाख लिटर. हिशेब बरोबर, पण तो उभ्या भिंतींच्या हौदाचा. एकास एक उतार म्हणजे तीन मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू तीन मीटर आत येते. तळ उरतो २४ × २४ चा. अशा चौरस तळ्यासाठी तीन गुणाकार करायचे : वरची बाजू स्वतःशी (९००), तळाची बाजू स्वतःशी (५७६) आणि वरची बाजू तळाच्या बाजूशी (७२०). बेरीज २,१९६. तिला खोलीने गुणून तीनने भागायचं. खोली तीनच असल्याने उत्तर २,१९६ घनमीटर, म्हणजे २१ लाख ९६ हजार लिटर. पाच लाख लिटर इथेच कमी झाले. शिवाय तळं काठोकाठ भरत नाहीत. वरचा अर्धा मीटर मोकळा सोडला तर पाण्याचा पृष्ठभाग २९ × २९ चा आणि खोली अडीच मीटर होते. घनफळ सुमारे १,७६१ घनमीटर. सत्तावीस लाखांचे साडेसतरा लाख झाले, आणि उन्हाळ्यात ठिबक किती दिवस चालेल हे या आकड्यावर ठरणार. वरचा थर सगळ्यात रुंद असल्यामुळे अर्धा मीटर सोडला तरी पाणी खूप कमी होतं, हे त्याला कागदावर तळ्याचा छेद काढून दाखवल्यावर पटलं.

पावसाचा हिशेब याहून सोपा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणून एका मिलिमीटरला हेक्टरी १०,००० लिटर, एक मोठा टँकर. हजार चौरस फुटांची गच्ची सुमारे ९३ चौरस मीटरची असते. तिच्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २,३०० लिटरहून थोडं जास्त पाणी पन्हाळीतून वाहून जातं.

धरणापर्यंत

आता पेपरातल्या त्या चौकटीकडे येऊ. फूट दशमान पद्धतीत बसत नाही, पण पाटबंधाऱ्यांच्या कामात ब्रिटिश काळापासून घनफूट रुजलाय आणि तो सहज जाणार नाही. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. त्याचा घन केला की एक घनफूट = ०.०२८३ घनमीटर = २८.३ लिटर. घराची टाकी गवंडी ‘दहा बाय आठ बाय पाच’ फुटांची म्हणाला तर ४०० घनफूट, गुणिले २८.३, म्हणजे ११,३०० लिटरच्या थोडं वर.

दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट : २.८३ कोटी लिटर. टीएमसी म्हणजे असे हजार दलघफू. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, आणि दशलक्ष गुणिले हजार लिटर म्हणजे नेमके १०० कोटी लिटर. मला दलघमी आवडतो तो यासाठीच, त्यापुढे दोन शून्यं लावली की कोटी लिटर मिळतात. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी.

गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दलघफू. टीएमसीत ५.६३, दलघमीत सुमारे १५९, लिटरमध्ये जवळपास १५,९०० कोटी. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी, म्हणजे सुमारे ७६.७ टीएमसी. आता दोन्ही आकडे एकाच एककात आले. नुसते छापील आकडे पाहिले तर ५,६३० हा २,१७१ पेक्षा मोठा दिसतो. एकक सारखं केल्यावर कळतं की जायकवाडीच्या उपयुक्त साठ्यात गंगापूरसारखी तेरा धरणं मावून वर जागा उरते.

क्युसेक ही साठ्याची नव्हे, प्रवाहाची मोजणी आहे : सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. तासाला ३,६०० सेकंद, म्हणून एक क्युसेक म्हणजे तासाला १,०१,९०० लिटर. ‘एक क्युसेक, तासाला एक लाख लिटर’ एवढं डोक्यात ठेवलं तरी चालतं. मावसभावाचं शेततळं एका क्युसेकने सव्वासतरा तासांत भरेल. गंगापूरमधून ३,००० क्युसेक सोडलं म्हणजे तासाला ३० कोटी लिटर. पूर आला की आपण सगळे नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आलं की छातीपर्यंत हे विचारतो. ती पाण्याची उंची झाली. एकूण किती पाणी गेलं हे समजायला क्युसेकला वेळेने गुणावं लागतं, आणि बातमीत नेमका वेळच बऱ्याचदा सुटलेला असतो.

समजा नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे १०,००० क्युसेकचा विसर्ग पूर्ण २४ तास चालला. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार ८६.४ कोटी घनफूट, म्हणजे ८६४ दलघफू, म्हणजे साधारण २४.५ दलघमी. वाटेत एक थेंबही मुरला नाही किंवा उपसला गेला नाही असं धरलं, तरी जायकवाडीचा उपयुक्त साठा एका दिवसात एका टक्क्याच्या जरासा वर वाढतो.